ट्रेलर ओढायला परवडणारी फोर-बाय-फोर कुठली घ्यावी?

कातळवाट
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

देवगड-राजापूर पट्ट्यात आंबा-काजूच्या बागांची कामं घेतो. फवारणी, छाटणी, कल्टार (मोहोरासाठी झाडाच्या मुळाशी घालायचं औषध), कुंपण, जे मिळेल ते. दोन ट्रेलर आहेत. एकावर ५०० लिटरची टाकी, एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप आणि त्याचं इंजिन. दुसऱ्यावर वेल्डिंगचा जनरेटर आणि कुंपणाचे पाइप. टाकीचा ट्रेलर पाणी भरून वजनकाट्यावर साडेआठशे किलो भरला. सध्या हे सगळं जुन्या टू-व्हील ड्राइव्ह पिकअपमागे लावतो. डांबरीवर काही तक्रार नाही. खरी रड बागेत उतरणाऱ्या वाटेची. जांभ्याचा उतार, त्यावर सुटी खडी. वर चढताना मागची चाकं जागच्या जागी फिरतात, रबराचा वास सुटतो आणि माणसं दगड घेऊन चाकामागे धावतात.

बजेट आठ लाख, ताणलं तर नऊ. सेकंड हँड चालेल. बरोबर चार-पाच माणसं असतात. यादीत जुनी थार, बोलेरो कॅम्पर फोर-बाय-फोर, स्कॉर्पिओ गेटअवे. जिम्नी बजेटबाहेर आहे, पण मुलीच्या आग्रहाखातर तीही लिहितो. प्रत्यक्ष ओढणाऱ्यांनी सांगा. गाडी कशी 'दिसते' ते नको, कलमांना त्याचं काही पडलेलं नसतं.

वाचनमात्र_२
शेवटच्या वाक्याला +१.

डिझेलकाका
थार घ्या, विषय संपला. २.५ लिटर सीआरडीई, १०५ अश्वशक्ती, २४७ न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवायची ताकद). फोर-लो (चारही चाकं ओढतात तो सर्वात हळू, ताकदीचा गिअर) टाकलं की साडेआठशे किलो मागे आहे हे कळतसुद्धा नाही. फक्त २०१५ च्या फेसलिफ्टनंतरची बघा, तिच्यात मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आलं. एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढतं. त्याआधीचीत ते नाही. आणि स्वस्तात मिळते म्हणून डीआय इंजिनवाली गळ्यात मारून घेऊ नका. तिच्यात टू-व्हीलवाल्याही आहेत, वरून ओळखू येत नाहीत.

बागायतदारीण
माझा भाबडा प्रश्न. फवारणी मोहोराच्या वेळची, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा कोकणात चिखल कुठे असतो? मग फोर-बाय-फोर कशाला? आमच्याकडे (रत्नागिरी) फवारणीवाले साध्या पिकअपनेच येतात.

कातळवाट
ताई, कल्टार जुलै-ऑगस्टमध्ये घालतात ना. आळ्यात ओतायला पाणी लागतं आणि नेमका तेव्हा कातळ शेवाळलेला असतो. कुंपणाची कामंही पहिल्या पावसानंतरच निघतात, जमीन मऊ झाल्यावर. आणि डिसेंबरमधली कोरडी खडी चिखलाइतकीच वाईट, चाकाखाली गोट्या पसरल्यासारखी.

बागायतदारीण
कल्टार विसरलेच होते. घालत नाही मी, म्हणून.

माळावरचा
मला वेगळंच विचारायचंय. पिकअपला ट्रेलर कशाला हवाय? टाकी हौद्यात ठेवा! पिकअपची चाकं फिरतात कारण रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. इंजिन पुढे, माणसं पुढे, ओढायचं मात्र मागच्या चाकांनी. त्यात साडेआठशे किलोचं लोढणं. तेच ५०० लिटर पाणी हौद्यात घेतलं तर वजन थेट ओढणाऱ्या चाकांवर येईल, लोढणंही गेलं. खर्च शून्य. निदान हौद्यात वाळूची पोती टाकून एकदा त्याच चढावर जाऊन बघा, मग आठ लाख काढा.

घाटउतार
माळावरचा यांच्याशी शंभर टक्के सहमत. या धाग्यातला सर्वात स्वस्त आणि सर्वात शहाणा प्रतिसाद.

कातळवाट
मुद्दा मान्य, पोती टाकून बघितलीत. फरक पडतो, पण ओल्या जांभ्यावर पुरत नाही. आणि टाकी ट्रेलरवर ठेवण्याचं कारण असं की बागेत ट्रेलर सोडून गाडी मोकळी होते. माणसं फवारत असतात, मी तेवढ्यात दुसऱ्या बागेत पाइप टाकून येतो. टाकी हौद्यात बसवली की गाडी दिवसभर टाकीचीच झाली.

सांगलीकर_टायर
पाइप लांब करा की मग. आमच्या पलूसच्या भावाचं एचटीपी ३०-४० किलोचं प्रेशर देतं. दहा मीटर उंचीला एक किलो प्रेशर जातं, म्हणजे बाग रस्त्यापासून ३० मीटर खाली असो नाहीतर वर, तीन किलोचा हिशोब. ट्रेलर डांबरीवर उभा ठेवायचा, नळी खाली सोडायची. गाडी बागेत उतरवायचीच कशाला?

कातळवाट
उंचीचं गणित बरोबर आहे, पण घर्षणाचं धरलं नाही. साडेआठ मिलिमीटरची नळी शंभर मीटरच्या पुढे जोडत गेलं की गनला धुकं न येता पिचकारी येते. तीस फुटी कलमाच्या शेंड्यावर तुडतुड्यासाठी बारीक थेंब पोचायला हवेत. शिवाय भरलेली नळी कातळावरून ओढत नेणाऱ्याला विचारा. जिथे जमतं तिथे तुम्ही म्हणता तेच करतो.

देवगडचो
बैलजोडी घेवा रे बाबानू. आठ पायांची ड्राइव्ह, लो रेंज कायम लागलेली, डिझेलाचो खर्च नाय.

घाटउतार
आणि मागून येणाऱ्या उत्सर्जनाला पीयूसी नाही, उलट शेतकरी पैसे देऊन नेतो. :हाहा:

पर्थकर
ऑस्ट्रेलियातून लिहितोय. इथे प्रत्येक सुतार-प्लंबरच्या गाडीमागे ट्रेलर असतो, त्यामुळे दोन पैसे माझेही.

इथे गाडी घेताना पहिला प्रश्न अश्वशक्तीचा नसतो. विचारतात, 'ब्रेकवाला ट्रेलर किती, बिनब्रेकचा किती?' प्रत्येक गाडीचे हे दोन आकडे कंपनी छापून देते. तुमच्या मुलीच्या जिम्नीचंच घ्या. इथे ती ब्रेक असलेला ट्रेलर १३०० किलोपर्यंत ओढू शकते, पण ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर फक्त ३५०. फरक बघा! टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्स, दोघींचे आकडे ३५०० आणि ७५०. म्हणजे साडेतीन टन ओढणारं इंजिनसुद्धा बिनब्रेकच्या ट्रेलरला पाऊण टनावर थांबतं. कायदाही तसाच, ट्रेलर ७५० किलोच्या वर गेला की त्याला स्वतःचे ब्रेक हवेतच, आणि दोन टनांच्या वर सगळ्या चाकांना.

तुमचा साडेआठशेचा आहे. त्याला ब्रेक आहेत का?

कातळवाट
नाहीत. आपल्याकडे कोण लावतो?

पर्थकर
मग गाडीची यादी बाजूला ठेवा आणि आधी ते करा. साडेआठशे किलो ओढायला यादीतली कुठलीही गाडी पुरेल. थांबवायला पुरेल का, हा प्रश्न आहे.

घाटउतार
हेच लिहायला आलो होतो. बारा वर्षं कोल्हापूर-कोकण माल वाहतोय. फोंडा, करूळ, भुईबावडा, आंबोली, सगळे घाट ट्रेलरसकट उतरलोय. चढताना इंजिन कमी पडलं तर पहिल्यात रांगत जाता येतं, वेळ जातो, बाकी काही नाही. उतरताना मागचं ओझं ढकलतं. वळणावर ब्रेक दाबला की गाडी थांबायला बघते आणि ट्रेलर पुढे यायला बघतो. मग तो बाजूला फिरतो आणि गाडीचं ढुंगण उचलतो. आखूड व्हीलबेसच्या गाडीत हे जास्त होतं. म्हणून डिझेलकाकांची थार मला या कामाला पटत नाही. चढाला राणी आहे, वादच नाही. पण तिचे दोन अ‍ॅक्सल जवळ जवळ, मागे जड ट्रेलर, म्हणजे शेपटाने कुत्रा हलवण्याचा प्रकार.

आणखी एक. टाकी अर्धी भरून घाट उतरू नका. पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्ध्या टाकीतलं पाणी ब्रेक लागला की पुढे आदळतं, मग मागे. टाकीत आडव्या पट्ट्या नसतील तर ते धक्के थेट हुकावर येतात.

डिझेलकाका
घाटउतारसाहेब, थारने आम्ही जनरेटर ओढलाय, शेपूट वगैरे काही हललं नाही.

घाटउतार
काका, जनरेटर डुचमळत नाही. :) आणि तुमच्या ट्रेलरवरचं वजन त्याच्या अ‍ॅक्सलच्या पुढे असणार, म्हणून नशीब.

पर्थकर
नशीब नाही, तोच नियम आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के हुकावर यायला हवं. ८५० चा असेल तर ८५ किलो. त्यापेक्षा फार कमी झालं की ट्रेलर वेगात डोलायला लागतो. डोलणं थांबवायचा खरा उपाय वेगाशी खेळणं नव्हे, वजन पुढे सरकवणं.

कातळवाट
हे मोजायचं कसं? वजनकाट्यावर अख्खा ट्रेलर जातो, हुकाचं वेगळं कळत नाही.

सांगलीकर_टायर
सोपं आहे. धान्याचा सपाट काटा घ्या. ट्रेलर सपाट जागी, टाकी भरलेली, चाकांना दगड. हुकाच्या तोंडाखाली गाडीच्या हुकाच्या उंचीचा लाकडाचा ठोकळा काट्यावर उभा करा आणि तोंड त्यावर टेकवा. काटा जो आकडा दाखवेल त्यातून ठोकळ्याचं वजन वजा. आकडा कमी आला तर टाकीचे नट सोडून ती चार बोटं पुढे घ्या, पुन्हा मोजा. मी फवारणीच्या गाड्यांना असंच करतो. बहुतेक फॅब्रिकेटर टाकी बरोबर अ‍ॅक्सलवर मधोमध बसवतात, कारण मग हाताने ढकलायला हलकं जातं. गिऱ्हाईकही खूश. रस्त्यावर डोलतं ते नंतर.

बागायतदारीण
हे मात्र वाचनखूण म्हणून साठवलं. आमचा फवारणीवाला येतो तेव्हा त्याचा ट्रेलर शेपूट हलवतच येतो.

यंदा मोहोर कसा आहे हो तुमच्याकडे?

देवगडचो
पयलो बरो व्हतो, थंडी इली नि परत फुटलो. आता बगूया.

वाचनमात्र_२
धागा गाड्यांचा आहे की आंब्यांचा? (पेटी पाठवणार असाल तर आंब्यांचा.)

कागदपत्र_पीडित
कागदांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी, वेगळा विमा. मागे दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर हवेत. आता सगळे म्हणतील काँक्रीट मिक्सर तर सर्रास पिकअपमागे नंबराशिवाय फिरतात. फिरतात. ज्या दिवशी एखादा ट्रेलर सुटून कुणाच्या अंगावर जाईल त्या दिवशी विमा कंपनी पहिला कागद ट्रेलरचाच मागणार.

दुसरं, पिवळी पाटी की पांढरी हे आधी ठरवा. कॅम्पर मालवाहू म्हणून पिवळ्या पाटीवर येते. तिला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस. एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, तेवढा दिलासा. जुनी थार पांढरी. पण पांढऱ्या पाटीवर धंद्याची कामं करताना पकडलं तर वाद घालत बसावं लागतं. आणि पंधरा वर्षं झालेली घेतली तर पुनर्नोंदणी, वर पर्यावरण कर. दहा वर्षांची डिझेलबंदी आपल्याकडे नाही, ती दिल्लीकडची. दलाल ती भीती घालून जुन्या गाड्या पाडून मागतात, आणि विकताना विसरतात.

माळावरचा
सुरक्षा साखळी राहिली. हुकापासून वेगळी, गाडीच्या चासीला. दोन साखळ्या, एकमेकींना छेद देऊन, म्हणजे ट्रेलर सुटला तरी त्याचं तोंड साखळ्यांच्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही.

रापण
मालवणहून. आमच्याकडे होड्या ट्रेलरवर चढवून वाळूतून वर ओढतात, आणि त्या कामाला सगळे ट्रॅक्टरच वापरतात. कुणी हौशी पर्यटक फोर-बाय-फोर घेऊन वाळूत येतो, मग त्यालाही ट्रॅक्टरच ओढतो. तुम्ही छोटा फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर का घेत नाही? कुबोटाचे निओस्टार, महिंद्राचा जिवो. २४-२७ अश्वशक्ती. द्राक्षवाले ब्लोअर लावून त्यावरच फवारणी करतात. पीटीओवर (ट्रॅक्टरच्या इंजिनावर फिरणारा मागचा दांडा) पंप चालतो, वेगळं इंजिनच नको.

सांगलीकर_टायर
द्राक्षाच्या ओळी सपाट असतात, रापणभाऊ. पण ट्रॅक्टरचा विचार वाईट नाही. महाडीबीटीवर (सरकारी योजनांचं पोर्टल) अर्ज करून ठेवा, अनुदान मिळालं तर मिळालं.

कातळवाट
गिऱ्हाइकं चाळीस-पन्नास किलोमीटरवर पसरलीत. ट्रॅक्टरवर माणसं बसवून राजापूरला पोचेपर्यंत दुपारचं जेवण होईल. एकाच मालकाची मोठी बाग असती तर डोळे झाकून ट्रॅक्टर घेतला असता.

डिझेलकाका
बरं, थार राहू दे. बरोबर चार-पाच माणसं असतात हे मी मघाशी वाचलंच नव्हतं. मग गेटअवे बघा. डबल केबिन, २.२ एमहॉक, लांब व्हीलबेस, घाटउतारसाहेबही खूश. नवी मिळत नाही, पण चांगली ठेवलेली सापडते. इसुझूची व्ही-क्रॉस सर्वात दणकट, १.९ लिटरमध्ये ३६० न्यूटन-मीटर, पण पाच मीटरच्या वर लांब आहे. कोकणातल्या गडग्यांमधल्या पाणंदीत ट्रेलरसकट अडकली तर बाहेर काढायला गडगा पाडावा लागेल. आणि बजेटमध्ये फार चाललेलीच मिळेल.

घाटउतार
गेटअवे किंवा कॅम्पर फोर-बाय-फोर, मी या दोन्हींतली जी कमी कुजलेली मिळेल ती घेईन. कॅम्परचं इंजिन ७५ अश्वशक्तीचंच आहे, घाटात ट्रक ओव्हरटेक करायची स्वप्नं बघू नका. पण २०० न्यूटन-मीटर खालच्या आरपीएमला मिळतात आणि प्रत्येक तालुक्याच्या गावात तिचा मेकॅनिक आहे. गेटअवेच्या पुढच्या अ‍ॅक्सलचे पार्ट शोधत कोल्हापूर गाठावं लागू शकतं.

सेकंड हँड घेताना तीन गोष्टी. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा नट थोडा सैल करून ऑइल बोटावर घ्या. मधासारखं असायला हवं. दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, गाडी ओढ्यात बुडवलेली आहे. दुसरं, मोकळ्या मातीत फोर-हाय (चारही चाकं ओढतात, पण नेहमीच्या वेगाने) टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा. पुढून कट-कट आवाज आला तर सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे सांधे) गेले. काहीच जाणवलं नाही, गाडी एकदम मऊ फिरली, तर पुढची चाकं जोडलीच जात नसतील, नुसता लिव्हर हलत असेल. तिसरं, फोर-लो टाका. कित्येक मालकांनी ते आयुष्यात टाकलेलं नसतं आणि जाम झालेलं असतं. मालक 'त्याची गरजच पडत नाही हो' म्हणाला की किंमत पाडा.

वाचनमात्र_२
आणि फोर-हाय डांबरीवर टाकून फिरू नका. आमच्या ओळखीतल्या एकाने पावसाळाभर 'जास्त ग्रिप' म्हणून तसंच चालवलं. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये फरक जिरवणारं काही नसतं, आणि ताण ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) येतो. त्याचं बिल बघून तो पाऊसच विसरला.

कातळवाट
सर्वांचे मनापासून आभार. सद्यस्थिती सांगतो.

कणकवलीत एक डबल केबिन कॅम्पर फोर-बाय-फोर बघितली. बजेटात आहे. घाटउतार यांच्या तिन्ही परीक्षा घेतल्या. फोर-लो पडायला कुरकुर करत होतं, मालकाने तेच वाक्य म्हटलं, किंमत पाडून मागितलीय. ऑइल स्वच्छ. फिटनेस पुढच्या वर्षी जानेवारीपर्यंत आहे.

टाकीच्या ट्रेलरचा हुकावरचा भार मोजला. ३५ किलो भरला! टाकी पुढे सरकवायला दिली आहे. ट्रेलरला ब्रेकही लावायचे ठरवले. फॅब्रिकेटर म्हणतो ओव्हररन ब्रेक बसवून देतो, गाडीने ब्रेक मारला की ट्रेलरचं तोंड दबतं आणि त्या दाबानेच ट्रेलरचे ब्रेक लागतात. वायरिंग नको, हवा नको. या वजनाला हा प्रकार चालेल का?

मुलगी नाराज आहे.

पर्थकर
चालेल. इथे दोन टनांपर्यंत तोच चालतो. दोन्ही चाकांना ब्रेक बसवा, एकाला नको. आणि ट्रेलरला हँडब्रेक वेगळा मागून घ्या. बागेत उतारावर सोडून जाता म्हणालात ना?

सांगलीकर_टायर
रिव्हर्सचा खटका आहे का विचारा. मागे घेताना गाडी ट्रेलरला ढकलते, तोंड दबतं आणि ब्रेक लागतो. चढावर मागे घ्यायची वेळ आली तर गाडी हलतच नाही, लोकांना वाटतं क्लच गेला. तोंडापाशी एक पट्टी असते, ती आडवी टाकली की दाब पुढे जात नाही. पण मग पुढे निघताना ती काढायची आठवण ठेवावी लागते. आपोआप सुटणारी असली तर उत्तम. स्थानिक नाही मिळाली तर कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत चौकशी करा.

कातळवाट
खटक्याबद्दल तो काहीच बोलला नव्हता. उद्या सकाळी जातो. जनरेटरच्या ट्रेलरलाही तोच लावावा का, की तो पाचशेच्या आत आहे म्हणून राहू दे?

घाटउतार
घाट उतरणार असाल तर लावा. गावातल्या गावात असेल तर साखळ्या आणि दिवे पुरेत. कॅम्परचा सौदा नऊच्या वर जाऊ देऊ नका, ब्रेकचे पैसे त्यातूनच निघायचेत.